छिद्राची टोपी की बंद टोपी?

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या एसयू एचएस४ कार्ब्युरेटरच्या (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) जोडीत एका डॅम्परच्या, म्हणजे कार्ब्युरेटरच्या पिस्टनची हालचाल तेलाने संथ करणाऱ्या दांडीच्या, टोपीला छिद्र, दुसरीला नाही, तरी चालेल असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. आधी सक्शन चेंबरची, म्हणजे हा पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या घुमटाची, मान बघा. तिथे आडवं भोक असेल तर बंद टोपीच हवी. छिद्राची लावलीत तर बाहेरची हवा शिरते, पिस्टनला वर खेचणारा व्हॅक्यूम कमी होतो आणि पिस्टन पुरेसा उचलला जात नाही. भोक नसेल तर छिद्राचीच. तेलाची पातळीही वेगळी: छिद्रवाल्यात पिस्टनच्या पोकळ दांड्याच्या वरच्या कडेपासून १३ मिमी वर, बंद प्रकारात १३ मिमी खाली. आणि कृपा करून फार पातळ तेल घालू नका, एसएई २० (तेलाच्या दाटपणाची श्रेणी) उत्तम! पातळ तेलात ॲक्सिलरेटर दाबताच पिस्टन झटकन वर जातो, एकदम जास्त हवा शिरते, त्यामानाने पेट्रोल कमी पडतं आणि गाडी अडखळते.