एदेनातली नदी एकच, मग फाटे चार कसे?

कणकुंबीवाला: रविवारी बायबल ग्रुपला उत्पत्तीचा 2रा अध्याय होता. एदेनातनं एक नदी निघते, बाग भिजवते आणि पुढं फुटून पीशोन, गीहोन, हिद्दकेल, फरात असे चार फाटे होतात. आता आमच्यात मलप्रभा उगवते, ओढे मिळत मिळत ती मोठी होते आणि शेवटी कूडलसंगमला कृष्णेत जाते की, मग हितं उलटं का? आणि 1ल्या अध्यायात नदीचं नावसुद्धा नाही.

घटप्रभाकाठ: हिद्दकेल वाचलं की मला दरवेळी आमच्या घटप्रभेवरचं हिडकल डॅमच दिसतंय, हाहा. हिद्दकेल म्हणजे टायग्रिस, फरात म्हणजे युफ्रेटिस, दोन्ही आजही तुर्कस्तानातनं इराकात येतात. उरलेल्या दोन कुठल्या यावर अभ्यासकांचं जमलेलं नाही, नकाशा काढत बसू नका. उलटं हाय म्हणूनच मला ते आवडतं, बाग भिजली आणि उरलेलं पाणी अडवलं नाही, कूश, अश्शूर असल्या देशांत सगळीकडं सोडलं. आमच्याकडं दोन राज्यं पाण्याला भांडतात.

दारं धरणारा: क्रम बघा. 5व्या वचनात पाऊस नाही आणि जमीन कसायला माणूसपण नाही, नदी 10व्यात, मशागत आणि राखणीचं काम 15व्यात. पाण्याची सोय आधी. आम्ही आधी ऊस लावतो मग बोअर मारतो!
बायबलातल्या अनुवाद पुस्तकाचा 11वा अध्याय पण वाचा, मोशे इस्राएली लोकांना म्हणतो, मिसरात म्हणजे इजिप्तात तू पायानं पाणी द्यायचास भाजीच्या मळ्यागत, आणि आता जातोयस तो देश आभाळाचं पाणी पितो. पायानं म्हणजे काय यावर लोक वाद घालतात, मला तर लगेच कळलं. रात्री 2 ला मोटरीची थ्री फेज वीज येते, बॅटरी घेऊन मळ्यात जायचं, टाचेनं या सरीचं दारं मोडायचं आणि चिखल लोटून त्या सरीचं बांधायचं.

कणकुंबीवाला: म्हणजे नदी ही कृपा आणि पाऊस ही परीक्षा, असं?

घटप्रभाकाठ: एवढं सरळ नाही ओ. यहेज्केल पुस्तकाचा 47वा अध्याय काढा. मंदिराच्या उंबरठ्याखालनं पाणी निघतं, हजार हात गेलं की घोट्याला, मग गुडघ्याला, मग कमरेला, शेवटी पोहूनच जायचं. आणि मधी कुठं ओढा मिळाल्याचं लिहिलेलं नाही.

कणकुंबीवाला: ओढा न मिळता? थांबा, वाचतो.