गहू सोडल्यावर बरे वाटते आहे. मग तपासणीसाठी तो पुन्हा खावा का?

राजेंद्रनगरची सून (इंदूर):
माझे वय ३६ आहे. गेली सहा वर्षे पोट फुगणे, कळ येऊन पातळ शौचास होणे आणि मध्येच तीन-चार दिवस काहीच न होणे असे चक्र चालू आहे. पहिल्याच वर्षी एका डॉक्टरांनी रक्ताची तपासणीही न करता ‘आयबीएस (आतड्याच्या कामातला बिघाड) आहे, ताण घेऊ नका’ असे सांगितले आणि मीही ते मान्य करून टाकले. हिमोग्लोबिन मात्र वर्षभर लोहाच्या गोळ्या घेऊनही ९ च्या वर सरकत नाही. दीड महिन्यापूर्वी नणंदेच्या सांगण्यावरून पोळी बंद करून ज्वारीची भाकरी सुरू केली आणि आठवड्याभरात पोट हलके झाले. आता नवे डॉक्टर म्हणतात, सिलिॲकची (गव्हामुळे आतडे झिजण्याच्या आजाराची) तपासणी करायची आहे, त्यासाठी सहा आठवडे रोज दोन्ही वेळा गहू खा. सासूबाईंचे म्हणणे असे की, गुण आला म्हणजे निदान झालेच, आता पुन्हा दुखणे ओढवून कशाला घ्यायचे? मलाही ते पटू लागले आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

बाफल्याला मुकलेला:
ताई, सासूबाईंचा तर्क वरवर बिनतोड आहे, पण गहू सोडल्याने सिलिॲकच्या रुग्णालाही बरे वाटते आणि आयबीएसच्या कित्येक रुग्णांनाही, त्यामुळे आलेल्या गुणावरून यांतले काय आहे ते ठरत नाही. सिलिॲकमध्ये गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखे एक धान्य) यांतील ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते, अस्तरावरचे बोटांसारखे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात आणि लोह, कॅल्शियम यांचे शोषण मंदावते. आयबीएसमध्ये आतडे असे झिजत नाही. त्याची हालचाल आणि संवेदना बिघडलेली असते. म्हणून गोळ्यांना दाद न देणारे आपले हिमोग्लोबिन मला पोटफुगीपेक्षा अधिक बोलके वाटते. रक्तक्षय, वजन घटणे, शौचातून रक्त जाणे, शौचासाठी झोपेतून उठावे लागणे, यांपैकी काहीही असेल तर नुसत्या ‘आयबीएस’वर थांबू नये.

तपासणी दोन टप्प्यांची असते. प्रथम रक्तातील टीटीजी-आयजीए ही प्रतिपिंडे पाहतात. सोबत एकूण आयजीएही (प्रतिपिंडांचा हा प्रकार रक्तात एकंदर किती आहे ते) मोजून घ्यावे, कारण काही जणांत ते मुळातच कमी असते आणि मग अहवाल खोटाच ‘निगेटिव्ह’ येतो. त्यानंतर मोठ्या माणसांत बहुधा एन्डोस्कोपी करून लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातून तुकडे घेतात. गहू बंद असला की प्रतिपिंडे उतरत जातात, आतडेही भरून येऊ लागते आणि दोन्ही तपासण्या चकवतात. मी स्वतः हीच चूक केली होती. तीन महिने गहू सोडून तपासणीला गेलो, अहवाल स्वच्छ आला, आणि खरे निदान व्हायला आणखी दोन वर्षे गेली.

गहू खाणे अगदीच सोसत नसेल तर डॉक्टरांना एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ या जनुकांच्या तपासणीविषयी विचारावे. तिच्यावर आहाराचा परिणाम होत नाही. दोन्ही नसतील तर सिलिॲक जवळजवळ बाद होतो. असतील तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण ती असूनही बहुसंख्य लोकांना हा आजार होत नाही.

निदानाचा एवढा आग्रह अशासाठी की, सिलिॲक ठरला तर पथ्य आयुष्यभराचे आणि कणभरही सूट नसलेले असते. इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री भुट्ट्याचा (मक्याचा) कीस आणि साबुदाण्याची खिचडी मी चौकशी करून खातो. दाल-बाफले (बाफले म्हणजे कणकेचे उकडून भाजलेले गोळे) आणि पोह्यांबरोबरची जिलबी मात्र कायमची सुटली. आयबीएस ठरला तर सणावारी एखादी पुरणपोळी खाल्ल्याने फार तर दिवस वाईट जाईल, आतडे झिजणार नाही.

एका सिलिॲक मुलीची आई:
ज्वारीच्या भाकरीबद्दल थोडे सांगते. आपण पीठ कोठून दळून आणता? आमच्या मुलीचे पथ्य काटेकोर असूनही टीटीजी वर्षभर उतरेना, तेव्हा लक्षात आले की कॉलनीतल्या चक्कीवर आमची ज्वारी गव्हाच्या दळणापाठोपाठ दळली जात होती आणि जात्यात उरलेले गव्हाचे पीठ आमच्या डब्यात येत होते. मग घरगुती गिरणी घेतली. दुसरा चोर निघाला हिंग! बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो आणि आपल्याकडे तर वरणापासून गोड्या मसाल्यापर्यंत सगळीकडे हिंग. मेतकूट आणि थालीपिठाच्या भाजणीतही गहू असतो. खपली गहू चालतो असे सांगणारे पुष्कळ भेटतील. तो गहूच आहे, चालत नाही. मात्र उपासाचा फळीवरचा डबा, म्हणजे वरई, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा, हा आमचा मोठा आधार ठरला. पीठ तेवढे मोकळे न घेता ‘ग्लूटेन-फ्री’ असे छापलेले घ्यावे. आपल्याकडच्या नियमानुसार त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन असता कामा नये.

इसबगोल:
मी दुसऱ्या गटातला. सिलिॲकच्या तपासण्या रीतसर होऊन नकारार्थी आल्या आणि निदान आयबीएसचे झाले. तरीही पोळीने पोट फुगतेच, कारण गव्हात ग्लूटेनखेरीज फ्रुक्टॅन नावाची शर्करासाखळीही असते. ती पचत नाही आणि मोठ्या आतड्यात आंबून वायू होतो. कांदा आणि लसूण यांतही तेच असल्याने गहू सोडून कांद्याची भजी खाणाऱ्याला अर्धाच गुण येतो. मी आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली चार आठवडे असे पदार्थ वगळले आणि मग एकेक परत आणून पाहिला. एक पोळी सोसते, तीन सोसत नाहीत. लसूण तेलात परतून काढून टाकला तर स्वाद तेलात उतरतो, फ्रुक्टॅन मात्र तेलात विरघळत नाही. रात्री भरपूर पाण्याबरोबर नीमच-मंदसौरकडचा इसबगोल घेतो, हे नावावरून कळलेच असेल.

राजेंद्रनगरची सून (इंदूर):
सर्वांचे आभार. चक्कीचा प्रश्न वाचून मी चमकलेच, कारण आमचे दळणही अशाच चक्कीवर होते. म्हणजे ज्याला मी ‘गहू बंद’ समजत होते तो पुरता बंदही नव्हता. डॉक्टरांशी फोनवर बोलले. ते एकूण आयजीएही लिहून देणार आहेत आणि त्रास फार वाढल्यास सहा आठवडे न थांबता कळवण्यास त्यांनी सांगितले आहे. आज रात्री दोन पोळ्या खाल्ल्या. सासूबाईंनी त्या वाढल्या, पण नाखुशीनेच.

बाफल्याला मुकलेला:
टीटीजी ‘पॉझिटिव्ह’ आले तरी एन्डोस्कोपी होईपर्यंत पोळी सोडू नका. बरेच जण अहवाल हातात पडताच सोडतात. आणि सिलिॲक ठरलाच, तर लक्षणे नसली तरी मुलांची आणि भावंडांची तपासणी करून घ्या.