योगाच्या वर्गात कुणाला जागा मिळते? तुमचे अनुभव लिहा

योग आणि सामाजिक न्याय हे एकत्र उच्चारलं की बरेच जण म्हणतात, या दोघांचा काय संबंध? योग म्हणजे पहाटेचा, स्वतःपुरता. आणि न्याय म्हणजे मोर्चा, कोर्ट, युनियन. मला हे पटत नाही. योगसूत्रं रचणाऱ्या पतंजलींनी योगाची आठ अंगं सांगितली, त्यांत आसन तिसरं येतं. त्याआधी यम, म्हणजे वागण्याचे नियम आहेत: अहिंसा, सत्य, अस्तेय (चोरी न करणं), ब्रह्मचर्य, अपरिग्रह (साठा न करणं). यातलं बरंचसं दुसऱ्याशी कसं वागायचं याबद्दलच आहे. योगसूत्रांच्या साधनपाद या दुसऱ्या भागातलं ३१वं सूत्र तर सांगतं की जाती, देश, काल, प्रसंग यांची सवलत न घेता पाळले तरच हे यम महाव्रत होतात. व्यासभाष्य या सूत्रांवरच्या जुन्या टीकेत सवलतीची उदाहरणंही दिली आहेत: कोळी म्हणतो मी फक्त मासे मारीन, कुणी म्हणतो तीर्थक्षेत्री मारणार नाही, कुणी म्हणतो देवाब्राह्मणांसाठीच मारीन. अशी अहिंसा अर्धवट.

मग आपल्या वर्गांत काय दिसतं? कोण आत येतं, कोण दारातूनच परत जातं? शिकवणाऱ्यांनी, शिकणाऱ्यांनी आणि सोडून दिलेल्यांनीही लिहा.

घरकामगार बायकांचा वर्ग घेणारी

आमच्या संघटनेच्या खोलीत संध्याकाळी वर्ग असतो. पहिल्या दिवशी मी वज्रासनाने सुरुवात करायला गेले तर एक मावशी म्हणाल्या, "ताई, दिवसभर गुडघ्यांवरच असतो हो, परत गुडघे नको." त्या दिवसापासून आमचा वर्ग शवासनाने सुरू होतो. पाठीवर आडवं व्हायचं, पोटऱ्या खुर्चीवर टाकायच्या. काही जणी तशातही मोबाईल मुठीत धरून असायच्या, कारण मॅडमचा फोन आला आणि उचलला नाही तर दुसऱ्या दिवशी बोलणी बसतात. फोन बाजूला ठेवायला कित्येक आठवडे गेले.

कंबरदुखी सगळ्यांनाच. मी भुजंगासन, मार्जरासन शिकवलं, बरंही वाटलं. पण ओणवं बसून फरशी पुसणं चालूच राहिलं तर आसनं किती पुरणार? बोलता बोलता निघालं की लांब दांड्याचा पोछा बहुतेक घरांत असतो, पण "हाताने पुसलं की स्वच्छ होतं" म्हणून तो देत नाहीत. तेव्हा बायकांनी एकत्र ठरवलं की आठवड्याची एक सुट्टी आणि लांब दांड्याचा पोछा मागायचा. काही घरांनी दिलं, काहींनी कामच बंद केलं. ज्यांचं काम गेलं त्यांच्यासाठी बाकीच्यांनी दुसरी घरं शोधली. कंबर कशाने दुखते हे विचारल्याशिवाय आसन सांगणं मला आता जमत नाही.

आयटीतला

वरचं वाचून लिहावंसं वाटलं. आमच्याकडे माणसं कमी केली, उरलेल्यांचे तास वाढले आणि त्याच महिन्यात तणावमुक्तीसाठी योगसत्र ठेवलं. शिकवणाऱ्या बाई मनापासून शिकवत होत्या, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण थकव्याचं कारण कामाच्या वाटपात असताना "तुमचा श्वास उथळ आहे" हे ऐकून घेणं जड गेलं. प्राणायाम मी घरी करतो. तासांबद्दल वरिष्ठांना लेखी कळवलंय, उत्तर अजून नाही.

आडनाव विचारलं गेलेला

वर्गात नाव नोंदवताना मला आडनाव दोनदा विचारलं, मग गावही. त्यानंतर सरांचं सात्त्विक आहार, शुद्ध संस्कार, "ज्यांच्या रक्तातच साधना असते" हे बोलणं वाढलं. नाव कुणी घेत नव्हतं, पण नजर माझ्याकडे वळायची. मी ती बॅच सोडली, अभ्यास सोडला नाही.

पुढे दत्तात्रेययोगशास्त्र वाचलं. हठयोगाच्या, म्हणजे शरीर आणि श्वासावर भर देणाऱ्या योगाच्या, सर्वांत जुन्या ग्रंथांपैकी एक, साधारण १३व्या शतकातला. त्यात स्वच्छ लिहिलंय की ब्राह्मण असो, श्रमण असो, बौद्ध, जैन, कवटी बाळगणारा कापालिक किंवा अगदी वेद न मानणारा चार्वाक असो, श्रद्धेने सतत अभ्यास करणाऱ्याला सिद्धी मिळते. वेश आणि जन्म बाजूला ठेवून अभ्यासाला मान देणारी ही परंपरा माझीही आहे. कुणी मला ती बहाल करण्याचा प्रश्न येत नाही.

धागाकर्ती

तुमच्या प्रतिसादात एक भर घालते. गांधीजींनी १९३० साली येरवडा तुरुंगातून आश्रमाला व्रतांबद्दल पत्रं लिहिली. पतंजलींच्या पाच यमांच्या रांगेत त्यांनी अस्पृश्यतानिवारण आणि शरीरश्रम ही व्रतं बसवली. आसनांचा तिथे विषयही नाही. मला ती यादी योगाच्या जवळची वाटते.

व्हीलचेअर वापरणारा

वर्ग दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. फोन केला तर "तुम्ही ऑनलाइन बघून करा". योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्ची, पट्टा, विटा, दोऱ्या, लोड हे सगळं सरावात आणून किती वर्षं झाली! साधनं जगभर पोचली, तळमजला मात्र मिळत नाही.

आता एका शिक्षिकेकडे जातो. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "वजन कुठे जाणवतं?" मी म्हटलं, बसायच्या हाडांवर, डावीकडे जास्त. त्यांनी उजव्या मांडीखाली घडी केलेली चादर सरकवली. कणा उंचावला, आणि बरगड्या दोन्ही बाजूंनी सारख्या उघडताना मला कळल्या. ताडासनात लोकांना काय मिळतं हे मला तेव्हा बसल्या जागी मिळालं.

मंत्र न म्हणणारी

माझ्या धर्मामुळे सूर्यनमस्काराचे मंत्र मला म्हणता येत नाहीत. मॅडमनी एवढंच सांगितलं, "तू श्वास मोज." कुणी वळून पाहिलं नाही. इतकं साधं असू शकतं.

मी स्पर्शाबद्दल लिहिते

पश्चिमोत्तानासनात, म्हणजे बसून पुढे वाकलेलं असताना, मागून येऊन पाठ दाबणारे शिक्षक मी पाहिले आहेत. लहानपणी जे सोसलं त्यामुळे माझं अंग अशा वेळी दगड होतं, आणि वर "सैल सोडा" म्हणून ओरडा. सध्याच्या वर्गात प्रत्येकाच्या मॅटपाशी एक छोटी चकती असते. लाल बाजू वर ठेवली की हात लावायचा नाही, कारण विचारायचं नाही. मधेच उलटवलेलीही चालते. अहिंसेवर व्याख्यान देणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने ही चकती ठेवावी असं मला फार वाटतं.

चळवळीतली

रोझा पार्क्स यांचा योगासन करतानाचा १९७३ सालचा फोटो अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. १९५५ साली गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्या याच त्या. तो फोटो पाहून मला बळ आलं, कारण आमच्यात विश्रांती घेणाऱ्याकडे अजूनही संशयाने बघतात. साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात मी भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखा गुणगुणत सोडायचा श्वास, करते, तोंड पदराआड घेऊन. आवाज कापत नाही. तारीख मात्र पुढे पडायची ती पडतेच.

फीबद्दल विचारायचंय

आमच्याकडे फी पाकिटातून देतात, पाकिटावर नाव नाही. ज्याला जमेल तेवढी त्याने टाकायची, न जमल्यास रिकामं पाकीट टाकायचं. त्यामुळे कुणाला तोंड चुकवावं लागत नाही. पण खोलीचं भाडं कधी निघतं, कधी नाही, आणि शिकवणाऱ्या ताईंनाही घर चालवायचंय. कुणी हे नीट बसवलं असेल तर सविस्तर लिहा, आम्ही पुढच्या महिन्यात बदल करणार आहोत.