'कोर्ट' चालू असताना अकरा जण उठून गेले. चूक कोणाची?

तलावपाळीकर
आमच्या सोसायटीत महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी क्लबहाउसमध्ये सिनेमा दाखवतात. या वेळी निवड माझ्याकडे होती. मी चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) लावला. चौतीस जण आले, चहाच्या सुट्टीत अकरा गेले. जाता जाता एक काका म्हणाले, "यात काही घडतच नाही हो."

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. एका लोकशाहिरावर खटला चाललाय, का, तर त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून जीव दिला म्हणे. मग त्या कामगाराची बायको साक्षीला येते. नवरा उतरण्याआधी आत खडा टाकायचा; झुरळं बाहेर आली की समजायचं आत हवा आहे, एवढंच ती सांगते. रडत नाही, मागे संगीत नाही, कॅमेरा जवळ जात नाही. झुरळांच्या भरवशावर माणूस गटारात सोडणाऱ्यांवर खटला का नाही, हा प्रश्न सिनेमा विचारत नाही, तो आपल्याला पडतो. आणि सरकारी वकीलबाई? काम संपवून लोकलने घरी जातात, स्वयंपाक करतात, सुट्टीत नवरा-मुलांसोबत नाटकाला जातात. अगदी आपल्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या.

माझं मत सरळ आहे. प्रेक्षकासाठी काहीतरी शिल्लक ठेवतो तो बुद्धिमान सिनेमा. सगळं समजावून सांगतो तो क्लास.

घोडबंदरी
मी त्या अकरांत नव्हतो, पण असतो तर नक्की उठलो असतो. लोअर परळहून ठाणे, मग कापूरबावडीचा जॅम, घरात पाऊल टाकेपर्यंत पावणेनऊ. त्यानंतर रिकाम्या कोर्टातले दिवे एकेक करून विझताना बघत बसायचं? आणि नाही बघितलं तर आम्ही मठ्ठ?

बुद्धी बघायची तर 'दृश्यम' बघा. मूळ मल्याळम २०१३ चा, हिंदी २०१५ चा. गुन्हा घडतो २ ऑक्टोबरला. यातला नायक घरच्यांना वाचवायला त्यांना घेऊन दुसऱ्या दिवशी पणजीला जातो, मग तिथल्याच लोकांना पुन्हा भेटून त्यांच्या डोक्यात २ तारीख पेरतो. साक्षीदार खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच तसं आठवतं! बराच वेळ आपणही फसतो. आणि शाळा चौथीतच सुटलेला हा केबलवाला हे सगळं शिकला कुठून? तर धंदेवाईक सिनेमे बघून. घ्या.

तलावपाळीकर
मठ्ठ कोणी म्हटलं? पण 'दृश्यम'मध्येही सुरुवातीला बराच वेळ त्याचं घर, त्याचा कंजूषपणा, हेच चालतं. तेव्हा नाही उठलात.

घोडबंदरी
तिथे अजय देवगण होता. खोटं कशाला बोलू.

कळवा_स्लो
😂😂

बॉयलरवाले_काका
मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात बावीस वर्षं सेफ्टीत काढली आहेत. "समजावून सांगतो तो क्लास" हे मला मुळीच पटलं नाही.

'चेर्नोबिल' ही अणुभट्टीच्या स्फोटावरची मालिका (२०१९, पाचच भाग) बघा. शेवटच्या भागात तो शास्त्रज्ञ कोर्टात उभा राहून लाल-निळ्या पाट्या लावत अणुभट्टी समजावतो. निळी पाटी म्हणजे प्रक्रिया मंदावणारी गोष्ट, लाल म्हणजे वाढवणारी. आणि शेवटी येतं, की भट्टी तातडीने बंद करायच्या बटणानेच घात केला, कारण आत शिरणाऱ्या नियंत्रक कांड्यांची टोकं ग्रॅफाइटची होती. ब्रेक दाबला आणि गाडी आधी पुढे उसळली, असं समजा. मी याहून सोपं करून आमच्या ऑपरेटरांना सांगू शकलो नसतो. हे शंभर टक्के क्लास आहे, आणि माझ्या अंगावर काटा आला. अवघड गोष्ट सोपी करायला अक्कल लागत नाही असं वाटतं का तुम्हाला?

खाडीपलीकडची
काका, पण तुमचा तो शास्त्रज्ञ, खरा लेगासोव, त्या खटल्याला हजरच नव्हता. आणि ती बाई शास्त्रज्ञ, खोम्यूक, तीही काल्पनिक. अनेक शास्त्रज्ञांची मिळून एक केली आहे. निर्मात्यांनीच तसं सांगितलंय. खोटं बोलण्याची किंमत काय, असं विचारणाऱ्या मालिकेने हे करावं?

बॉयलरवाले_काका
ठाऊक आहे. पण कांड्यांबद्दल जे सांगितलं ते खरं आहे. मला तेवढंच तपासता येतं, आणि तेवढं मी तपासलं. बाकीचं तुम्ही बघा.

क्लॅप_नंबर_सात
घोडबंदर रोडवरच्या एका सेटवर मी दोन वर्षं असिस्टंट होते, मराठी डेली सोपवर. इथे मालिकांना नावं ठेवायला कोणी आलं नाही, आश्चर्य आहे. ठेवणारच आहात, म्हणून आधीच सांगते.

मालिका लोक डोळ्यांनी बघत नाहीत, कानांनी बघतात. साडेसात-आठची वेळ, कुकर लावलेला, पोरांचा अभ्यास, टीव्ही दुसऱ्या खोलीत. म्हणून पात्र दार उघडून म्हणतं, "अरे, तू? इतक्या रात्री? आणि हातात बॅग?" प्रेक्षक मूर्ख आहे म्हणून लिहिलेलं नसतं ते, प्रेक्षक कणीक मळतोय म्हणून लिहिलेलं असतं. त्यात बँक संपलेली, म्हणजे तयार भागांचा साठा शून्य. सकाळी सीन हातात आला, तो रात्री एडिटला. यात बुद्धी कुठे बसवायची? तरी कधीकधी बसते. 'असंभव' रोजचीच मालिका होती ना? पुनर्जन्माची गोष्ट, दोन काळ समांतर, आणि माझ्या आईला एकही धागा कधी विसरायला झाला नाही. तिला 'कोर्ट' दाखवला तर ती झोपेल. आता ठरवा हुशार कोण.

तलावपाळीकर
कणकेचा मुद्दा मान्य, मनापासून. माझी व्याख्या त्या बाईला लागू करणं अन्याय होईल. पण क्लबहाउसमध्ये कोणी कणीक मळत नव्हतं. अंधार होता, खुर्च्या होत्या, मोबाइल बंद ठेवा म्हणून मीच विनंती केली होती. तिथे तरी थांबायला काय हरकत होती? आणि बॉयलरवाले काका, तुमच्या उदाहरणाने माझं वाक्य मोडलं हे कबूल. जरा दुरुस्त करतो: यंत्र समजावून सांगा, माणूस समजावून सांगू नका.

चरई_७९
वाक्य दुरुस्त केलंत तरी संथपणाचं खूळ डोक्यातून जात नाही तुमच्या. संथ म्हणजे सखोल, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

जब्बार पटेलांचा 'सिंहासन' १९७९ चा. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवर बेतलेला. मुख्यमंत्री, त्याची खुर्ची खेचणारा अर्थमंत्री, कामगार पुढारी, स्मगलर, सगळे एकाच वेळी पळत असतात. दम घ्यायला उसंत नाही. आणि मधोमध निळू फुल्यांचा पत्रकार दिगू, ज्याला सगळं दिसतं आणि ज्याच्या हातात काही नाही. शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो. का हसतो, हे कोणी समजावत नाही. तेव्हा थिएटरात माझ्या शेजारचा गिरणीतला माणूसही त्याच्याबरोबर हसला होता, आणि मग एकदम गप्प झाला. तुमचा तो शिल्लक वगैरे ठेवणारा सिनेमा हाच की. पण घोडबंदरीसुद्धा शेवटपर्यंत बसले असते.

घोडबंदरी
बसलो असतो. निळूभाऊ म्हटल्यावर प्रश्नच नाही.

खाडीपलीकडची
म्हणजे मुद्दा बुद्धीचा नाहीच, ओळखीच्या चेहऱ्याचा आहे. 'कोर्ट'मधला शाहीर झालेले वीरा साथीदार प्रत्यक्षात चळवळीतले कार्यकर्ते होते. त्यांना पडद्यावर कोणी ओळखत नव्हतं, म्हणून अकरा जण गेले. देवगणने ती भूमिका केली असती तर चहा पिऊन परत आले असते.

घोडबंदरी
असेलही. पण ताई, वेळेचाही मुद्दा आहे हो. तलावपाळीकर, तुमचा सिनेमा किती वाजता होता?

तलावपाळीकर
आठला.

घोडबंदरी
बघा! शनिवारीही आमचं ऑफिस असतं. साडेनऊला लावा, मी आमच्या इमारतीतले चार जण घेऊन येतो. आणि 'डोंबिवली फास्ट' लावा. ज्या निशिकांत कामतांनी हिंदी 'दृश्यम' केला, त्यांचाच, २००५ चा. लोकलने जाणारा माणूस आहे त्यात. मग बघतो कोण उठतं ते.

तलावपाळीकर
ठरलं. पुढच्या महिन्यात दुसरा शनिवार, साडेनऊ, 'डोंबिवली फास्ट'.

चरई_७९
तलावपाळीकर, क्लबहाउस रात्री दहाला बंद होतं. मागच्या वार्षिक सभेत तो ठराव तुम्हीच मांडला होतात, आणि अनुमोदन माझं होतं.