शेकोटीवर विसंबू नका

जंगलालगत तंबूत मुक्काम करताना शेकोटी पेटती ठेवली की जनावर फिरकत नाही, असं या चर्चेत कुणीतरी लिहिलंय. पण रात्रभर ती पेटती ठेवतो कोण? आणि वाघ-बिबट्याच्या गप्पांत अस्वल राहूनच गेलं, राजेहो! एप्रिलात पेंच व्याघ्र प्रकल्पालगतच्या एका गावाबाहेर आम्ही सावली बघून मोहाच्या झाडाखाली तंबू ठोकला. पहाटे चारला बाहेर फुसफुस. चेनच्या फटीतून पाहिलं तर दहा-बारा हातांवर अस्वल, गळालेली मोहफुलं ओठांनी ओढून खातंय. शेकोटीची केव्हाच राख झालेली.

उजाडल्यावर मोह वेचायला आलेल्या आजीनं आम्हालाच झापलं. मोहफुलं पहाटे गळतात, अस्वलाला वास लांबून येतो, नजर मात्र अधू. माणूस अगदी जवळ आल्यावरच कळतो, मग बिथरून अंगावर येतं.