रनडीएलएल३२ परदेशी पत्त्याशी सारखा जोडला जातोय, अँटिव्हायरस मात्र गप्प. काय करू?

रबाळे_सिस्टम

नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचं आयटी मी एकटा बघतो. साठेक विंडोज मशीन, एक फाइल सर्व्हर, अकाउंट्सला टॅली, बाकी डिझाइनवाल्यांचे कॅडचे पीसी. ईडीआरसाठी (पीसीवरच्या संशयास्पद हालचाली पकडणारं विकतचं सॉफ्टवेअर) बजेट नाही, म्हणून मायक्रोसॉफ्टचं फुकट मिळणारं, पीसीवर काय चाललंय ते नोंदवणारं सिसमॉन सगळीकडे टाकलं आणि त्यात नेटवर्क कनेक्शनची नोंद चालू केली. ती मुळात बंद असते.

काल अकाउंट्सच्या एका पीसीवर इव्हेंट ३ ची, म्हणजे याच कनेक्शनच्या नोंदींची, रांग लागलेली दिसली. प्रोग्रॅम सिस्टम३२ फोल्डरमधलाच रनडीएलएल३२. जागा बरोबर, मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही बरोबर. पोर्ट ४४३, समोरचा पत्ता परदेशातल्या कुठल्यातरी होस्टिंगवाल्याचा, आणि साधारण मिनिटामिनिटाला तेच पुन्हा. पूर्ण स्कॅन केलं, काही सापडलं नाही.

जीएसटीची २० तारीख तोंडावर आहे, आत्ता मॅडमचा पीसी काढून घेतला तर सगळं काम अडेल. प्रोग्रॅम विंडोजचाच आहे, तर चालू द्यावा का? की ब्लॉक करावा? ब्लॉक केल्यावर विंडोजचं काही बंद पडतं का?

ऐरोली_रात्रपाळी

आधी लॅनची वायर काढा, वायफाय असेल तर तेही तोडा. पीसी बंद मात्र करू नका. जे चाललंय ते बहुधा फक्त मेमरीत आहे, बंद केलात की पुरावा गेला. हे करून या, मग पुढचं वाचा.

मी ऐरोलीत एका सॉकमध्ये (कंपन्यांच्या सायबर सुरक्षेवर नजर ठेवणारं केंद्र) रात्रपाळीला असतो आणि असे अलर्ट रोज बघतो. "सही मायक्रोसॉफ्टची आहे" एवढ्यावर अलर्ट बंद करणं मला सगळ्यात धोकादायक वाटतं. हल्लेखोराने हा प्रोग्रॅम निवडलाच आहे तो त्या सहीसाठी. रनडीएलएल३२, एमएसएचटीए, रेगएसव्हीआर३२, सर्टयूटिल, एमएसबिल्ड ही सगळी विंडोजसोबत येणारी, खरी, न बदललेली हत्यारं आहेत. अँटिव्हायरस फाइल तपासतो आणि फाइल स्वच्छच असते. २०१६ मध्ये रेगएसव्हीआर३२ ला थेट इंटरनेटवरचा पत्ता देऊन तिथली स्क्रिप्ट चालवण्याची पद्धत उघड झाली, तेव्हाही त्या प्रोग्रॅममध्ये कुणी काही घुसवलं नव्हतं. त्याला दिलेलं काम वाईट होतं. मायटर अटॅक या हल्ल्याच्या पद्धतींच्या यादीत ही पद्धत टी१२१८ या क्रमांकाखाली आहे, आणि असे प्रोग्रॅम कसकसे वापरले जातात त्याची यादी लोलबास प्रकल्पात मिळेल.

म्हणून प्रोग्रॅम कोणाचा हे सोडा. त्याला इंटरनेटवर जायचं कारण काय, हे विचारा. ब्राउझरला कारण आहे, आउटलुकला आहे, टॅलीला आहे. रनडीएलएल३२ चं काम म्हणजे एखादी डीएलएल (प्रोग्रॅमना लागणाऱ्या कोडची फाइल) उघडून तिच्यातलं एक फंक्शन चालवणं. त्याने एखाद्या अनोळखी सर्व्हरला मिनिटामिनिटाला हाक मारावी असं अकाउंट्सच्या पीसीवर काहीच नसतं. शिवाय हा ठेका माणसाचा नाही. माणूस क्लिक करतो तेव्हा कनेक्शन झुंडीने येतात, मग शांतता. सारख्या अंतराने येणारी हाक म्हणजे आत बसलेलं काहीतरी बाहेर "काही हुकूम आहे का?" असं विचारतंय. हुशार हल्लेखोर अंतर थोडं मागेपुढे करतात, तेव्हा अगदी घड्याळासारखं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका.

आता एक शोधा. इव्हेंट ३ मध्ये कमांड लाइन (प्रोग्रॅमला दिलेला पूर्ण हुकूम) नसते आणि प्रोग्रॅम कोणी सुरू केला तेही नसतं. ते इव्हेंट १ मध्ये, म्हणजे प्रोग्रॅम सुरू झाल्याच्या नोंदीत, असतं. दोन्हींत प्रोसेस-जीयूआयडी नावाचा लांबलचक आकडा असतो, तो जुळवा. पीआयडीवर (प्रोसेसचा छोटा क्रमांक) जाऊ नका, विंडोज तो पुन्हा पुन्हा वापरतं. नोंदीतला यूटीसी टाइम आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असतो, नाहीतर सकाळची घटना पहाटेची समजून बसाल. कमांड लाइन आणि पेरेंट (तो सुरू करणारा प्रोग्रॅम) इथे टाका. पत्ता, युजरचं नाव, कंपनीचं नाव खोडून.

रबाळे_सिस्टम

वायर काढली. मॅडमना दुसरा पीसी दिलाय.

जीयूआयडी जुळला. रनडीएलएल३२ ची कमांड लाइन म्हणजे नुसतं त्याचं नाव, पुढे काहीच नाही. पेरेंट पॉवरशेल (विंडोजचं हुकूम आणि स्क्रिप्ट चालवायचं साधन), त्याच्यापुढे अगम्य अक्षरांची भलीमोठी ओळ. पॉवरशेलचा पेरेंट एमएसएचटीए आणि त्याला दिलेला एक वेब पत्ता. एमएसएचटीए सुरू केला एक्सप्लोररने. यूटीसी ०५:५२, म्हणजे आपले सकाळचे ११:२२. मॅडम म्हणतात, त्या सुमारास "जीएसटी नोटीस" नावाची झिप मेलवर आली होती, उघडली तर पीडीएफचं चिन्ह होतं पण काही उघडलं नाही.

वागळे_इस्टेटकर

ते चिन्ह शॉर्टकट फाइलचं असणार. पीडीएफचं रूप देता येतं, आत एमएसएचटीएचा हुकूम.

ऐरोलीकर सरांचं म्हणणं बरोबर आहे, पण रबाळेवाल्या दादांनी उद्यापासून प्रत्येक नोंदीला घाबरू नये म्हणून थोडं लिहितो. आम्ही वागळे इस्टेटमधल्या छोट्या ऑफिसांचा सपोर्ट बघतो. सर्टयूटिल बाहेर गेला म्हणजे हल्लाच असं नाही, सर्टिफिकेट रद्द झालंय का हे तपासायलाही तो बाहेर जातो. एमएसआयएक्सईसी अपडेटसाठी जातो. डिझाइन किंवा सॉफ्टवेअरवाल्यांकडे एमएसबिल्ड पॅकेज आणायला जातो, पण तोच एमएसबिल्ड अकाउंट्समध्ये दिसला तर तिथेच थांबा. तेव्हा महिनाभराच्या नोंदी घ्या, अंतर्गत पत्ते गाळा, आणि प्रोग्रॅमवार मोजा की किती मशीनवर दिसला. साठपैकी साठांवर दिसणारी गोष्ट बहुधा अपडेट असते. एकाच मशीनवर दिसणारी आधी बघायची.

दोन आंधळ्या जागा आहेत. बिट्सअ‍ॅडमिनने फाइल मागवली तर ती प्रत्यक्षात विंडोजची बिट्स सेवा आणते, म्हणून इव्हेंट ३ मध्ये एसव्हीसीहोस्ट (विंडोजच्या बऱ्याच सेवा चालवणारा प्रोग्रॅम) दिसतो आणि त्या गर्दीत ती नोंद हरवते. त्यासाठी बिट्स-क्लायंटचा वेगळा लॉग बघा, इव्हेंट ५९ मध्ये पूर्ण वेब पत्ता मिळतो. दुसरी, ऑफिसात प्रॉक्सी (सगळ्यांचं इंटरनेट ज्यातून जातं तो मधला सर्व्हर) असेल तर सिसमॉनला समोरचा पत्ता प्रॉक्सीचाच दिसतो, खरा पत्ता प्रॉक्सीच्या लॉगमध्ये.

ऐरोली_रात्रपाळी

नुसतं रनडीएलएल३२, पुढे काही नाही. इथेच उत्तर मिळालं. डीएलएल दिली नाही तर त्याला करायला काही नसतं, तो लगेच बंद व्हायला हवा. तुमचा जिवंत राहून बाहेर बोलतोय, म्हणजे पॉवरशेलने रिकामं कवच उभं करून त्यात आपला कोड टाकला. कोबाल्ट स्ट्राइक या हत्याराची मूळ सेटिंगच तशी होती, म्हणून अशी रिकामी कमांड लाइन आमच्याकडे लाल झेंडा असतो.

ब्लॉकचं विचारलंत. विंडोज फायरवॉलमध्ये एमएसएचटीए, रेगएसव्हीआर३२, डब्ल्यूस्क्रिप्ट, सीस्क्रिप्ट यांना बाहेर जायची बंदी घाला. कारखान्यात सहसा कुणाचं अडत नाही, तरी आधी दोन-चार पीसीवर लावून बघा. रनडीएलएल३२ ला फक्त बाहेरच्या पत्त्यांसाठी बंदी, लॅन मोकळी ठेवा. नियम सिस्टम३२ आणि सिसवाऊ६४ दोन्हींतल्या प्रतींना लावायचा, लोक दुसरी विसरतात. पण नियम फाइलच्या जागेवर चालतो. एमएसएचटीएची प्रत नाव बदलून टेंप फोल्डरमध्ये ठेवली की नियम निकामी. म्हणून इव्हेंट १ मधलं मूळ फाइलनाव हे खानंही तपासा, नाव बदललं तरी ते बदलत नाही. आणि कवच म्हणून उद्या ते दुसराच प्रोग्रॅम घेतील, तेव्हा बंदी घातली तरी बघणं थांबवू नका.

तो पीसी साफ करत बसू नका. मेमरीची प्रत घ्या, लॉग बाहेर काढा, मग विंडोज नव्याने टाका. बँकेचे, मेलचे, जीएसटी पोर्टलचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन त्या पीसीला लावलेलं असेल तर आधी काढा, तिथे टाइप केलेला पिन गेला असं धरून चला. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं असतं आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. मालकांना हे आजच सांगा, फोनवर नाही, लेखी.

आता तो वेब पत्ता आणि परदेशी आयपी बाकीच्या सगळ्या मशीनवर शोधा.

रबाळे_सिस्टम

शोधला. डिस्पॅचच्या एका पीसीवर त्याच पत्त्याला एमएसएचटीए गेलाय, दुपारी. मॅडमनी ती मेल "तुझ्याकडे उघडते का बघ" म्हणून तिकडे पुढे पाठवली होती. तिथे रनडीएलएल३२ अजून दिसत नाही, पण पॉवरशेल सुरू झालेला आहे.

ऐरोली_रात्रपाळी

तीही वायर काढा. पॉवरशेलने पुढे काय सुरू केलं ते इव्हेंट १ मध्ये बघा, कवचाचं नाव तिथे वेगळं असू शकतं. फाइल सर्व्हरवर डिस्पॅचच्या युजरने कुठून लॉगिन केलं तेही काढा. मी सकाळी ७ पर्यंत जागा आहे.