2009 मध्ये फाशी, 2019 मध्ये निर्दोष, कोर्ट तेच

रानवाट:
5 मार्च 2019 ला सुप्रीम कोर्टाने नाशिक जिल्ह्यातल्या एका खटल्यात सहा जणांना निर्दोष सोडलं. सगळे भटक्या जमातीतले. 2003 मध्ये एका कुटुंबावर दरोडा पडला, बलात्कार झाला, खून झाले, त्यात हे पकडले गेले. सहापैकी तिघांना हायकोर्टाने जन्मठेपेवर आणलं होतं. 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांनाही परत फाशी लावली. म्हणजे सहाच्या सहा.

हल्ल्यातून वाचलेल्या बाईंनी पोलिसांकडच्या फोटोंतून भलत्याच चौघांना ओळखलं होतं. त्या चौघांना कुणी हातही लावला नाही. या सहांची 16 वर्षं तुरुंगात गेली. भरपाई प्रत्येकी 5 लाख.

फाशी घटनेत बसते की नाही, यावर मला वाद घालायचाच नाही. 1980 च्या बच्चनसिंग निकालात चार विरुद्ध एक मतांनी ती बसवली गेली. माझा प्रश्न साधा आहे. 2009 नंतर सरकारने चपळाई दाखवली असती, तर 2019 चा निकाल कुणाला वाचून दाखवला असता?

करवीरकर:
तुमच्या लेखात मेलेल्यांच्या वाट्याला जेमतेम एक ओळ आली आहे, ती मोजली मी.

मी कोल्हापूरचा. गावित बहिणी आठवतात? लहान मुलं पळवायची, चोऱ्या करताना पुढे करायची, नकोशी झाली की मारून टाकायची. 2001 मध्ये फाशी सुनावली, 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम केली, 2014 मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. आणि जानेवारी 2022 मध्ये हायकोर्टाने जन्मठेप केली. का, तर दयेच्या अर्जाला फार उशीर झाला! फाइल दाबून बसले सरकारी बाबू आणि जीव वाचला खुन्यांचा. त्या पोरांच्या आयांना हे कुठल्या तोंडाने सांगणार?

रानवाट:
आयांना सांगायला माझ्याकडेही तोंड नाही. पण त्याच टोळीतला एकीचा नवरा माफीचा साक्षीदार झाला आणि सुटला, हेही कोल्हापूरकरांना आठवत असेलच.

करवीरकर:
आठवतं. त्याचाही रागच येतो. म्हणून बाकीच्यांना सोडायचं?

काळा_कोट:
सोडायचं कुणी म्हटलं? जन्मठेप म्हणजे सुटका नव्हे. (हे अशिलांच्या नातेवाइकांनाही दर वेळी समजावावं लागतं.)

हरबन्ससिंग खटला बघा, 1982 चा. एकाच गुन्ह्यात तिघांना फाशी. तिघांचे अर्ज सुप्रीम कोर्टात वेगवेगळ्या खंडपीठांपुढे गेले. एकाची जन्मठेप झाली. दुसऱ्याचा अर्ज फेटाळला गेला आणि 6 ऑक्टोबर 1981 ला त्याला फासावर चढवलं. तिसऱ्यालाही त्याच दिवशी द्यायची होती, पण ऐन वेळी स्थगिती मिळाली. नंतर सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांच्या खंडपीठाने त्याला जन्मठेप द्यावी, अशी राष्ट्रपतींकडे शिफारस केली. गुन्हा एकच, तिघांचं नशीब वेगळं. फाशी फक्त 'दुर्मिळातल्या दुर्मिळ' गुन्ह्यात द्यायची, हे बच्चनसिंग निकालातले शब्द ऐकायला भारदस्त वाटतात, पण मोजपट्टी न्यायाधीशागणिक बदलते. त्या निकालात एकटे न्यायमूर्ती भगवती विरोधात गेले ते याच मुद्द्यावर.

दंडुका:
मग कसाबलाही पोसायला हवा होता का? हो की नाही, एवढंच सांगा.

काळा_कोट:
हो. पोसण्याचा खर्च मला परवडतो. आणि हे काही पाश्चात्त्य फॅड नाही. 3 जून 1949 ला घटना समितीत बाबासाहेबांनीच सांगितलं होतं की, फाशीच्या खटल्यांत सुप्रीम कोर्टात अपिलाची तरतूद करण्यापेक्षा फाशीच रद्द करण्याला माझा पाठिंबा राहील.

दंडुका:
पण रद्द केली नाही ना!

काळा_कोट:
नाही केली. म्हणून तर अजून भांडतोय.

करवीरकर:
कसाबला कॅमेऱ्याने टिपलं होतं, तिथे शंकेला जागाच नव्हती. नाशिकचं प्रकरण वेगळं, हे मी मान्य करतो. पण ती चूक तपासाची. पोलिसांना धरा, शिक्षा कशाला काढता? सर्जन चुकला म्हणून आपण ऑपरेशनं बंद करत नाही.

रानवाट:
ऑपरेशन रोग्याला वाचवायला करतात हो.

करवीरकर:
बरं, ते राहू दे. फोटोत ओळखलेल्या त्या चौघांचं काय?

रानवाट:
निकालातच त्यांच्याविरुद्ध तपास करायचा आदेश आहे. 2003 च्या गुन्ह्याचा, 2019 मध्ये.